जुन्या भिंतीत नवे सरकते दार बसवताना

जुने सरकते काचेचे दार काढून त्याच जागी नवे बसवायचे ठरले की सगळी चर्चा दाराभोवतीच फिरू लागते. काच एकेरी घ्यावी की दुहेरी, चौकट अॅल्युमिनियमची असावी की यूपीव्हीसी या कडक प्लॅस्टिकची, कुलूप एकाच जागी अडकणारे असावे की वरखाली अनेक ठिकाणी, असे ते प्रश्न असतात. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु आमच्या घराचे अंगणाकडे उघडणारे दार बदलताना आणि पुढे ओळखीच्या काही घरांत हेच काम जवळून पाहताना माझे मत असे बनले की नव्या दाराचे भवितव्य दारापेक्षा दार आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीवर अधिक अवलंबून असते. कारखान्यातून येणारी चौकट काटकोनात असते. भिंतीतला गाळा, म्हणजे दारासाठी सोडलेली मोकळी जागा, मात्र गवंड्याच्या हाताने बांधलेला, नंतर घर बसताना थोडा हललेला आणि गिलाव्याखाली झाकलेला असतो. या दोहोंचा मेळ घालणे हेच खरे काम आहे, आणि त्याला द्यायला हवा तेवढा वेळ क्वचितच दिला जातो.

मोजमापापासूनच अडचण सुरू होते, कारण नवे दार मापाबरहुकूम तयार होऊन येईपर्यंत जुने काढता येत नाही आणि जुने जागेवर असताना गाळा दिसत नाही. जुन्या चौकटीच्या कडेवर गिलावा चढलेला असतो, खाली फरशी भिडलेली असते, आणि विटांची खरी कड या दोन्हींच्या आड असते. म्हणून दोन्ही बाजूंना वर, मध्ये आणि खाली गिलाव्याचा छोटा तुकडा छन्नीने काढून विटांची कड उघडी करावी असे मी सांगतो. हे तुकडे नंतर भरून निघतात. चुकीच्या मापाचे दार मात्र कापून लहान करता येत नाही. दारासाठी वापरली जाणारी टफन केलेली काच तर तापवून एकदम थंड केलेली असल्यामुळे नंतर कापताच येत नाही, कापायला गेले तर संपूर्ण काचेचा बारीक चुरा होतो. मागणी नोंदवण्यापूर्वी माप पक्के असणे यासाठी अत्यावश्यक आहे.

रुंदी तीन ठिकाणी मोजावी, उंची तीन ठिकाणी मोजावी आणि त्यांतली सर्वांत कमी धरावी, हा नियम बहुतेक कारागिरांना ठाऊक असतो. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. समजा गाळ्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली सगळीकडे बरोबर २४०० मिलिमीटर भरली, परंतु दोन्ही उभ्या बाजू एकाच दिशेला, वरच्या टोकाशी १० मिलिमीटर, कललेल्या आहेत. टेप हा कल कधीच दाखवणार नाही. चौकट मात्र ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, करायची असते, त्यामुळे तिला मिळणारी खरी रुंदी २३९० मिलिमीटरच राहते. फटीचा हिशेब करताना हे १० मिलिमीटर विसरले तर एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली चौकट भिंतीला चिकटते, आणि मग कोणीतरी ती हातोडीने ठोकून बसवतो. म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला ओळंबा सोडून वरचे व खालचे अंतर लिहून ठेवावे आणि माथा व उंबरठा आडव्या पातळीत आहेत का ते पाणसळीने तपासावे.

कर्ण मोजणेही त्याच कारणासाठी उपयोगाचे आहे. वर सांगितलेल्या गाळ्याची उंची २१०० मिलिमीटर असेल, तर १० मिलिमीटरच्या कलामुळे दोन कर्णांमध्ये सुमारे १५ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे दोष मोठा होऊन दिसतो. मात्र कर्ण सारखे भरले म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण गाळा वर अरुंद आणि खाली रुंद असा दोन्हीकडून सारखाच निमुळता असेल तरीही कर्ण समान येतात. ओळंबा, पाणसळ आणि कर्ण या तिन्हींची नोंद एकत्र पाहिली तरच गाळ्याचा खरा आकार कागदावर उतरतो.

आणखी एक तपासणी मी आग्रहाने सांगतो, कारण ती फारसे कोणी करत नाही. गाळ्याच्या चारही कोपऱ्यांना खिळे मारून समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या तिरप्या ताणाव्यात. भिंतीचा दर्शनी भाग एकाच पातळीत असेल तर दोऱ्या मध्यभागी एकमेकींना जेमतेम टेकतात. त्यांच्यात अंतर पडले, किंवा एक दोरी दुसरीला रेटू लागली, तर भिंतीला पीळ आहे असे समजावे. मग दोऱ्यांची अदलाबदल करून पुन्हा पाहावे, म्हणजे दोरीच्या जाडीमुळे फसगत होत नाही. सरकत्या दाराला हा पीळ फार बाधतो. बिजागरीच्या दाराचा पल्ला, म्हणजे उघडणारा भाग, थोडा रंधून जुळवून घेता येतो. सरकत्या दाराचे दोन पल्ले मध्यभागी एकमेकांत अडकतात, आणि चौकट पिळलेली असेल तर ते वर जुळले तरी खाली उघडे राहतात. अशा वेळी चौकट भिंतीच्या पातळीला धरून न बसवता स्वतःच्या पातळीत बसवावी आणि भिंतीशी पडणारा फरक गिलाव्यात किंवा पट्टीत जिरवावा.

फट किती ठेवावी, यावर मतभेद ऐकू येतात. प्रत्येक बाजूला ५ ते १० मिलिमीटर फट बहुतेक विटांच्या भिंतींना पुरते, पण हा आकडा चौकटीच्या पदार्थाशी ताडून पाहिला पाहिजे. उष्णतेने अॅल्युमिनियम जितके वाढते त्याच्या सुमारे तिप्पट यूपीव्हीसी वाढते. २४०० मिलिमीटर लांबीच्या चौकटीत ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला तर अॅल्युमिनियम साधारण २ मिलिमीटरने लांबते आणि यूपीव्हीसी ६ ते ७ मिलिमीटरने. गडद रंगाची चौकट उन्हात हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, त्यामुळे हा फरक कागदावरचा म्हणून सोडून देता येत नाही. फट फार कमी ठेवली तर वाढलेली चौकट मध्यभागी फुगते आणि पल्ला दुपारी अडतो, सकाळी सुटतो. फट फार मोठी ठेवली तर स्क्रू लांब आणि लवचिक पडतात.

जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी बसवण्याचा पर्याय काही ठिकाणी सुचवला जातो. गिलावा फुटत नाही, काम लवकर उरकते, हे त्याचे फायदे खरे आहेत. पण चारही बाजूंनी काचेची रुंदी घटते, उंबरठा उंच होऊन पायाला लागतो आणि जुन्या चौकटीखाली पाणी मुरत असेल तर ते तसेच मुरत राहते. माझ्या मते हा मार्ग तेव्हाच घ्यावा जेव्हा जुनी चौकट भिंतीत घट्ट व कोरडी आहे याची खात्री पटली असेल. आणि ती खात्री चौकट न काढता पटणे कठीण आहे.

चौकट काढण्याआधी वर काय आहे ते पाहणे सर्वांत आवश्यक. गाळ्यावर काँक्रीटची, लोखंडाची किंवा दगडाची लिंटेल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई, असेल आणि ती दोन्हीकडे भिंतीवर पुरेशी, सर्वसाधारणपणे निदान १५० मिलिमीटर, टेकलेली असेल तर चौकटीवर भिंतीचा भार नसतो. जुन्या बांधकामात मात्र कधी कधी लिंटेल नसतेच आणि वरच्या विटा लाकडी चौकटीच्या माथ्यावर विसावलेल्या असतात. गाळ्याच्या वरच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी वर गेलेली भेग, मध्यभागी खाली झुकलेला चौकटीचा माथा, किंवा माथा कापताना करवतीचे पाते चिमटल्यासारखे अडकणे, ही त्याची लक्षणे आहेत. यांपैकी एक जरी दिसले तरी काम तिथेच थांबवून वर टेकू द्यावेत आणि बांधकाम अभियंत्याला बोलवावे. गाळा रुंद करण्याचा मोह झाला तरी हीच वाट धरावी.

जुने दार उतरवणे हे तुलनेने सरळ काम आहे, फक्त वजनाचा अंदाज असावा. काचेचे वजन दर चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो असते. ६ मिलिमीटरच्या दोन काचा असलेला १.१ मीटर रुंद व २.१ मीटर उंच पल्ला म्हणजे नुसती काचच ७० किलोच्या आसपास भरते. सरकता पल्ला आधी काढावा. वरच्या रुळात पल्ला उचलला जाऊ नये म्हणून लावलेला ठोकळा सोडवावा, रोलरचे स्क्रू सैल करून पल्ला खाली आणावा, मग दोघांनी तो वर उचलून खालची कड आपल्याकडे ओढून बाहेर घ्यावा. स्थिर पल्ला त्यानंतर निघतो. उरलेल्या चौकटीचे स्क्रू काढूनही ती हलत नसेल तर उभी बाजू मध्यावर कापून आतल्या दिशेने ओढली की विटांच्या कडा शाबूत राहतात.

आमच्याकडे चौकट निघाल्यावर खाली जे दिसले त्याने पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरवली. उंबरठ्याखालचा सिमेंटचा थर एका कोपऱ्यात बोटाने खरवडता येत होता, त्याचा रंग इतर थरापेक्षा गडद होता, आणि जुन्या चौकटीचा तिथला स्क्रू निम्म्यापर्यंत गंजून बारीक झाला होता. खोलीत आतून कधी पाणी दिसले नव्हते. फरशीच्या त्या कोपऱ्यातल्या सांध्यावर पांढरट क्षार तेवढे फुलत असत. पाणी चौकटीच्या रुळात शिरत होते, चौकटीच्या कोपऱ्यातल्या सांध्यातून खाली झिरपत होते आणि खाली त्याला बाहेर जायला वाट नव्हती.

सरकत्या दाराच्या रचनेतच हे गृहीत आहे की खालच्या रुळात पाणी येणार. म्हणूनच रुळाच्या बाहेरच्या बाजूला पाणी निघण्याची भोके ठेवलेली असतात. पण चौकटीचे कोपऱ्यातले सांधे वर्षानुवर्षे तसेच राहतील असे धरून चालू नये. त्यांतून थेंब खाली गेलाच तर तो भिंतीत न मुरता बाहेर यावा, यासाठी चौकटीखाली दुसरी व्यवस्था हवी. गाळ्याच्या तळाशी पाणी न मुरणाऱ्या पत्र्याची किंवा चिकट पडद्याची एक उथळ पन्हळ करावी. तिची आतली कड आणि दोन्ही टोके वर वळवलेली असावीत, बाहेरची कड मोकळी असावी आणि तळाला बाहेरच्या दिशेने किंचित उतार असावा. आतली कड वर वळवणे हा यातला प्राण आहे, कारण वारा पाण्याला आत रेटतो तेव्हा उतार एकटा पुरा पडत नाही. कोपरे कापून जोडलेले असतील तर त्या जोडावर पडद्याचा वेगळा तुकडा चिकटवावा. गळती सुरू होते ती नेमकी तिथूनच. आम्ही भुसभुशीत थर काढून नवा थर घातला, तो पुरेसा वाळू दिला आणि मगच ही पन्हळ बसवली.

इथे आतल्या फरशीच्या आणि बाहेरच्या ओट्याच्या पातळीचाही विचार करावा लागतो. नव्या चौकटीचा उंबरठा जुन्यापेक्षा बसका घ्यावा असे घरातल्या वयस्कर माणसांसाठी वाटते, आणि ते योग्यही आहे. परंतु बाहेरची फरशी उंबरठ्याच्या भोकांच्या वर किंवा अगदी बरोबरीला येत असेल तर पावसाचे पाणी त्याच भोकांतून उलटे आत येते. बसका उंबरठा हवा असेल तर बाहेर दारालगत जाळी असलेली नाली करावी लागते. ती करायची तयारी नसेल तर उंबरठा उंचच ठेवलेला बरा.

चौकट उभी करताना प्रथम खालची बाजू लांबीत समतल करावी. पन्हळीचा उतार रुंदीत असतो, लांबीत नसतो, त्यामुळे चौकटीखाली प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे पॅकिंग देऊन ती पाणसळीत आणता येते. रोलर ज्या रेषेवरून धावतो त्या रेषेखाली साधारण ३०० मिलिमीटरवर एक, आणि स्थिर पल्ल्याची काच जिथे टेकते तिथे हमखास, असे पॅकिंग द्यावे. लाकडाच्या पाचरी खालच्या बाजूला वापरू नयेत. त्या ओल्या होऊन फुगतात आणि नंतर आकसतात. दोन पॅकिंगमधला रूळ ७०-८० किलोच्या पल्ल्याखाली किंचित जरी दबला तरी पल्ला त्या खळग्याशी मंदावतो आणि रोलर एकाच जागी झिजतो.

खालची बाजू समतल झाली की एक उभी बाजू दोन्ही दिशांनी ओळंब्यात आणून हलकी अडकवावी, मग दुसरी, आणि प्रत्येक टप्प्यावर चौकटीचे कर्ण मोजावेत. दोन कर्णांतला फरक २-३ मिलिमीटरच्या आत यायला हवा. स्क्रू कोपऱ्यापासून १५० ते २५० मिलिमीटर अंतरावर सुरू करून पुढे ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता मारावेत, आणि प्रत्येक स्क्रूच्या जागी चौकटीमागे पॅकिंग असलेच पाहिजे. पॅकिंगशिवाय आवळलेला स्क्रू चौकटीला भिंतीकडे खेचतो. म्हणून मी प्रत्येक स्क्रू आवळल्यावर मधली रुंदी पुन्हा मोजायला लावली. वर आणि खाली बरोबर असलेली चौकट मध्ये दोन-तीन मिलिमीटर फाकलेली असते हे डोळ्यांना दिसत नाही, पण दार बंद केल्यावर कडेला उजेडाची चीर दिसते. माथ्याला लिंटेलशी कडक पॅकिंग देऊ नये, कारण लिंटेल भाराने थोडी लवते आणि तो भार चौकटीवर येऊ नये. खालच्या रुळातून स्क्रू मारणे शक्यतो टाळावे. टाळता येत नसेल तर भोकात आधी सिलिकॉन, म्हणजे वाळल्यावरही लवचिक राहणारे लुकण, भरून मग स्क्रू मारावा आणि त्याचे डोकेही झाकावे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

आता ती फट. तिच्यात फोम भरला की काम झाले असा समज सर्वत्र आहे आणि तो नुकसानकारक आहे. फोम उष्णता व आवाज अडवतो. पाणी अडवणे हे त्याचे काम नाही. शिवाय साधा फोम फुगताना चौकटीच्या उभ्या बाजू आत ढकलतो, म्हणून दारे-खिडक्यांसाठी मिळणारा कमी फुगणारा फोमच घ्यावा, तो पल्ले बसवून व बंद ठेवून भरावा, आणि फट निम्मीच भरून उरलेली जागा त्याला फुगण्यासाठी सोडावी.

पाणी अडवणारा सांधा बाहेरच्या बाजूचा. त्यात आधी बॅकर रॉड म्हणून मिळणारी, फटीपेक्षा थोडी जाड अशी फोमची गोल दोरी दाबून बसवावी आणि तिच्यावर सिलिकॉन भरावे. दोरीचे काम नुसते सिलिकॉन वाचवण्याचे नाही. सिलिकॉन भिंतीला आणि चौकटीला अशा दोनच बाजूंना चिकटले तर चौकटीबरोबर ताणले जाऊ शकते. मागेही चिकटले तर त्याला ताणायला जागा राहत नाही आणि ते मध्यावर फाटते. सिलिकॉनची खोली रुंदीच्या सुमारे निम्मी असावी. १० मिलिमीटरच्या फटीला ५-६ मिलिमीटर खोली पुरे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सिमेंटच्या पृष्ठभागाशी नीट जुळत नाही, कारण वाळताना त्यातून निघणारे आम्ल सिमेंटमधल्या क्षाराशी अभिक्रिया करते. इथे असे आम्ल न सोडणारे, न्यूट्रल प्रकारचेच वापरावे. विटांची कड ब्रशने झाडून, कोरडी करून मगच सांधा भरावा, धुळीवर कोणतेच सिलिकॉन टिकत नाही. उंबरठ्याच्या आतल्या कडेला सांधा अखंड असू द्यावा, पण बाहेर पन्हळीची मोकळी कड आणि रुळाची भोके यांच्यावर सिलिकॉनचा ठिपकाही पडू देऊ नये. व्यवस्थित दिसावे म्हणून खालची बाहेरची रेघ पूर्ण भरून टाकणारे कारागीर मी पाहिले आहेत, आणि त्यांना ते का करायचे नाही हे समजावून सांगणे घरमालकाचे काम आहे.

पल्ले बसल्यावर रोलरच्या स्क्रूने प्रत्येक पल्ला वरखाली करून त्याची उभी कड चौकटीशी समांतर आणावी आणि मगच कुलपाची जिभ अडकणारी पट्टी जुळवावी. हा क्रम उलटला तर पल्ला हलवताच कुलूप पुन्हा चुकते.

आतला गिलावा करण्यापूर्वी पाण्याची चाचणी घ्यावी. प्रथम रुळात मगभर पाणी ओतून ते भोकांतून बाहेर येते का ते पाहावे. मग नळीने मध्यम धार धरून खालून सुरुवात करावी, काही मिनिटे तिथेच थांबून मग उभ्या सांध्यांवर आणि शेवटी माथ्यावर जावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि गळती नेमकी कोठून होते ते कळत नाही. आत एका माणसाने कोरडा कागद घेऊन फटीच्या कडेने फिरत राहावे. आमच्या दाराच्या एका उभ्या सांध्यात खालच्या बाजूला कागद ओला झाला. तिथे विटेचा कोपरा तुटलेला होता आणि सिलिकॉन त्या खळग्यावरून पुलासारखे गेले होते. खळगा मसाल्याने भरून, तो वाळल्यावर सांधा तेवढ्यापुरता कापून पुन्हा भरला आणि चाचणी पुन्हा घेतली. गिलावा झाला असता तर ती ओल दिसायला पुढचा पावसाळा यावा लागला असता.

गिलाव्याच्या वेळी चौकटीवर टेप लावणे विसरू नये, कारण ओले सिमेंट क्षारयुक्त असते आणि अॅल्युमिनियमवर पडलेले शिंतोडे वाळेपर्यंत राहिले तर कायमचे डाग पडतात. रुळात पडलेली वाळू लगेच काढावी, तिचा एक कणही रोलरला ओरखडे पाडतो. पाणी निघण्याची भोकेही गिलाव्याने बुजली नाहीत ना हे बारीक तार घालून पाहावे. काही आठवड्यांनी, पल्ल्यांचे वजन पॅकिंगवर पूर्ण बसल्यावर, रोलरचे स्क्रू एकदा पुन्हा जुळवून घ्यावेत.